चढ लागायच्या आधीचा गिअर

साताऱ्याच्या एका पतसंस्थेत दोन मैत्रिणी कामाला होत्या. दोघींनी मिळून सातारा हिल मॅरेथॉनमध्ये नाव घातलं. 2012 साली सुरू झालेली ही शर्यत म्हणायला मॅरेथॉन, पण अंतर अर्ध्या मॅरेथॉनचं, म्हणजे 21 किलोमीटर. मात्र शहर मागं पडलं की यवतेश्वरचा घाट चढायचा आणि माघारी फिरून तोच घाट उतरायचा. त्यामुळे सपाटीवर 21 किलोमीटर पळणारेही इथं येताना जरा जपून बोलतात.

पहिली मैत्रीण बिनधास्त होती. "घाट काय, दर रविवारी गाडीवरून कासला जातोच की आपण," म्हणायची. दुसरी मुलखाची भित्री. सराव दोघींनी बरोबरीनं केला होता.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दुसरी छातीवर लावायचा नंबर टी-शर्टला टाचत बसली. एका कोपऱ्याला सेफ्टी पिन लावली की दुसरा कोपरा तिरका दिसायचा. काढायची, पुन्हा लावायची. तोंडाला कोरड पडलेली, पोटात गोळा आलेला, मोरीकडे सारख्या फेऱ्या. शेवटी टी-शर्ट बाजूला टाकून ती म्हणाली, "मामा, मला नाही जमायचं. सकाळी ताप आला म्हणून सांगते."

मामा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्याच घाटातून बामणोलीची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं नेली होती. सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं, "पोटात कालवतंय?"

"हो."

"माझ्याही कालवायचं. समर्थ मंदिर मागं पडलं की रोज."

"इतकी वर्षं गाडी चालवून?"

"म्हणून तर चालवली. कालवायचं म्हणून डेपोतनं निघायच्या आधी ब्रेक दाबून बघायचो, टायर बघायचो. चढ लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचो. गाडी धापा टाकायला लागल्यावर गिअर शोधत बसलं, तर ती मागं सरकते. उतरतानाही खालचाच गिअर. नुसत्या ब्रेकवर सोडली, तर ब्रेक तापतात. आमच्यात एक नवा गडी आला होता, त्याला कशाचंच काही वाटायचं नाही. त्याच्या गाडीवर ड्युटी लागली की कंडक्टर रजा टाकायचे."

भाची हसली. "म्हणजे भ्यायचं?"

"भ्यायचं. पण भीतीला नुसतं बसवून ठेवायचं नाही. तिला विचार, बाई, माझं काय बघायचं राहिलंय?"

भाचीनं कागद घेतला आणि एकेक भीती लिहून काढली. चढावर दम लागेल: मग पहिले दोन किलोमीटर मुद्दाम सावकाश, आणि उभ्या वळणांवर सरळ चालायचं. पायाला फोड येतील: मग सरावातलेच जुने बूट. पोट बिघडेल: मग रात्री रोजचंच जेवण, सकाळी नवं काही नाही. उतारावर मांड्या भरून येतील: मग लांब ढांगा न टाकता लहान पावलं. शेवटी तिनं लिहिलं, 'मागं राहिले तर लोक काय म्हणतील?'

मामांनी तेवढ्या ओळीवर बोट ठेवलं. "हिला ना ब्रेक, ना गिअर. ही खोड."

झोप काही तिला नीट लागली नाही. पण पहाटे ती उठली आणि गेली.

ढोल-ताशांच्या गजरात शर्यत सुटली. बिनधास्त मैत्रीण नवेकोरे बूट घालून पहिल्याच सपाटीवर सुसाट निघाली. भित्रीला शेकडो लोक ओलांडून गेले, तिनं जाऊ दिले. घाट लागला. भुरभुर पाऊस, रस्ता ओला, धुक्यात पुढचं वळणसुद्धा दिसत नव्हतं. ती पळत होती, चालत होती, पुन्हा पळत होती. एका वळणावर तिची मैत्रीण कठड्याला टेकून बसलेली दिसली. श्वास लागलेला, बुटातून टाच बाहेर काढलेली, टाचेवर फुटलेला फोड.

दुसरीनं कमरेच्या पिशवीतली चिकटपट्टी काढून तिच्या टाचेला लावली. भीतीनं तीही बरोबर घ्यायला लावली होती. मग दोघी मिळून माथ्यापर्यंत चालत गेल्या आणि लहान पावलं टाकत घाट उतरून आल्या.

पदक गळ्यात पडल्यावर पहिलीनं विचारलं, "तुला अजिबात भीती वाटली नाही?"

"वाटली की," दुसरी म्हणाली, "म्हणून तर जुने बूट घातले."

तात्पर्य : भीती वाटणं हा दुबळेपणा नव्हे. जी भीती तयारी करून घेते तिचं ऐकावं. जी नुसती घरी बसायला सांगते तिच्यावर काट मारावी.