दुःखविचार : अंबेच्या काठी



जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. तो कर्म करतो, देवता त्या कर्माचे फळ देतात, त्या फळांतील सुखही अनित्य आणि दुःख तर पदरी ठरलेलेच. यातून सोडविण्यास परमेश्वरावाचून कोणी समर्थ नाही. हे निरूपण यथार्थ होय. परंतु ते कोणी, कोणास आणि कोणत्या वेळी सांगावे, याचा विचार मला फार उशिरा सुचला.

अंबा नदी सह्याद्रीतून उतरून सुधागड तालुक्यातून वाहते, रोहे तालुक्यातील नागोठण्यास येते आणि पुढे पेणच्या बाजूने धरमतरच्या खाडीस मिळते. २४ जुलै १९८९ रोजी तिच्या पुराने सुधागडातील जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. मला दीक्षा घेऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. काही महिन्यांनी अटन करीत आम्ही त्या गावी गेलो असता एका बाईने विचारले, "बाबा, माझ्या लेकराने दोन पावसाळेही पाहिले नव्हते. त्याचं काय चुकलं?" मी पाठ असलेले पूर्वकर्माचे प्रकरण तिला सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले, वाकून नमस्कार केला आणि ती आत गेली. वाटेत आमच्यातील वृद्ध साधू एवढेच म्हणाले, "तू सांगितलेस ते खोटे नव्हे; पण तिने तुला सिद्धांत विचारला नव्हता."

याचा अर्थ मला पुढे पेणच्या खारेपाटात कळला. तेथील शेते समुद्राच्या भरतीपासून मातीच्या बांधांनी राखलेली आहेत. खेकड्याचे एखादे बीळ मोठे होते, उधाणाच्या रेट्याने बांधाला खांड पडते आणि खारे पाणी भातात शिरते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यास मी विचारले, "खांड कोणाच्या हयगयीने पडली, हे केव्हा ठरवता?" तो हसून म्हणाला, "आधी पुढच्या भरतीच्या आत ती बुजवायची. मग भांडायला वर्ष आहेच की!"

कर्मविचार हा ज्याने त्याने स्वतःच्या अंतःकरणात करावयाचा आहे. माझ्यावर दुःख आले असता 'हे माझेच' म्हणणे यात अनुताप आहे. दुसऱ्याच्या दुःखास 'हे त्याचे कर्म' म्हणण्यात मात्र जे केवळ सर्वज्ञास ठाऊक, ते मला ठाऊक असल्याचा अभिमान आहे. आणि त्या अभिमानाने आपला हात मागे राहिला, तर अहिंसेचे व्रत घेतलेल्यास तीही हिंसाच घडते.

कोणी म्हणेल, मग सेवा करावी, शास्त्र कशास? तसेही नाही. खांड बुजली तरी शिरलेला क्षार जमिनीतच राहतो. दोन-तीन पावसाळ्यांचे गोडे पाणी त्यावरून वाहून जावे लागते. तोवर क्षार सोसणारा राता भातही जेमतेम पिकतो. अविद्येचा क्षार त्याहून जुना आहे. तो मदतीच्या धान्याने जात नाही. परमेश्वराच्या ज्ञानाने व भक्तीनेच जातो. मात्र बांध उघडा ठेवून क्षार धुण्याची भाषा करणारा आणि बांध घालून क्षार विसरणारा, या दोघांत पहिला मला अधिक चुकलेला वाटतो. तो मीच होतो, म्हणूनही असेल.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा एका तरुण साधकाने विचारले, "तेथे जाऊन लोकांना काय सांगू?" मी म्हणालो, "काही सांगू नकोस. पाणी वाहून ने. विचारतील तेव्हा बस, आणि ऐक."

जांभूळपाड्यास मी त्यानंतर दोनदा गेलो. ती बाई भेटली नाही.