हरिश्चंद्रगडाच्या वाटा आणि एका शिखराचा प्रश्न

सगळे धर्म म्हणजे एकाच शिखराकडे जाणाऱ्या निरनिराळ्या वाटा, हे विधान आता इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. भारतात या विचाराचे जुने रूप नद्यांचे आहे. सरळ आणि वाकड्या मार्गांनी जाणारे सगळे शेवटी ईश्वरालाच मिळतात, जशा नद्या समुद्राला, असा भाव शिवमहिम्न स्तोत्रात येतो आणि 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी त्याचाच आधार घेतला. रामकृष्ण परमहंस गच्चीवर जिन्याने, शिडीने किंवा दोराने चढणाऱ्यांचा दाखला देत. डोंगराचा दाखला विसाव्या शतकात जगभर पसरला. 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हस्टन स्मिथ यांच्या जगातील धर्मांवरील पुस्तकाचा त्यात मोठा वाटा आहे. पण नदी आणि डोंगर यांत एक मूलभूत फरक आहे. नदीला उतारच समुद्राकडे नेतो. डोंगर चढणाऱ्याला वाट निवडावी लागते, दम लागतो, वाट चुकते आणि अर्ध्यातून परतावेही लागते. त्यामुळे या दाखल्याची पारख खऱ्या डोंगरावर झाली पाहिजे.

त्यासाठी हरिश्चंद्रगड योग्य आहे. अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेजवळ, सह्याद्रीच्या ऐन धारेवर तो उभा आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर तारामती सुमारे 1,420 मीटर उंचीचे आहे. भटक्यांना गड चांगला माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी गडाच्या पश्चिमेकडच्या कोकणकड्यावर गर्दी असते. दुर्लक्ष झाले आहे ते त्याच्या दुसऱ्या अंगाकडे. बारा ज्योतिर्लिंगांत त्याचे नाव नाही, म्हणून भीमाशंकर किंवा त्र्यंबकेश्वरासारखा यात्रेकरूंचा ओघ इकडे वळला नाही. परंपरेनुसार योगी चांगदेवांनी येथे तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ लिहिला. मराठीतल्या आरंभीच्या तत्त्वचिंतनाशी नाते सांगणारा हा डोंगर आज मुख्यतः सूर्यास्त पाहण्याचे ठिकाण म्हणून ओळखला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

गडावर जाणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि त्या तीन वेगळ्या मुलुखांतून येतात. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून निघणारी वाट सर्वांत सोपी. प्रचंड कातळभिंतीला बिलगून ती वर सरकते, मंगळगंगेचा ओढा ओलांडते आणि दोन-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचते. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरची वाट लांबलचक आहे. टोलार खिंडीपर्यंत रानातून चढ, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि त्यानंतर माथा आला असे वाटत असतानाच एकामागून एक टेपाडे. नवखा माणूस खचतो तो या टेपाडांत. तिसरा मुलूख कोकणाचा. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून साधले घाटाने वर येता येते, आणि नळीच्या वाटेनेही. नळीची वाट म्हणजे दोन उभ्या कड्यांमधली दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. तिच्यात कातळटप्पे आहेत, सुटे दगड आहेत. माहितगार सोबत नसेल तर तिकडे फिरकू नये. दिवसभराच्या चढाईनंतर ती थेट कोकणकड्याच्या शेजारी बाहेर काढते.

या वाटा एकाच जागी पोचतात का? पाचनईची वाट मंदिराच्या अंगणात संपते, नळीची वाट कड्याच्या टोकाशी. तारामतीचा माथा तिथून आणखी वर आहे. रोहिदास आणि हरिश्चंद्र ही शिखरे निराळी. मंदिरात दर्शन घेऊन परतणारा भाविक आणि कड्यावर रात्र काढून परतणारा तरुण, दोघेही गडावर जाऊन आलो असेच सांगतात, आणि दोघेही खरे बोलतात. तरी एकाचे शिखर दुसऱ्याने पाहिलेले नसते.

धर्मांच्या तत्त्वज्ञानात गेल्या काही दशकांत झालेला वाद नेमका इथेच येऊन थांबतो. जॉन हिक यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की सर्व मोठ्या धर्मांच्या मुळाशी एकच परमसत्य आहे; प्रत्येक परंपरेला ते आपापल्या संस्कारांतून निरनिराळ्या रूपात प्रतीत होते. मार्क हाइम यांनी 1995 मध्ये त्याला उत्तर दिले. त्यांच्या मते धर्मांची साध्येच वेगळी आहेत. बौद्धांचे निर्वाण आणि ख्रिस्ती माणसाला हवा असलेला ईश्वराशी सहवास या एकाच मुक्कामाच्या दोन पाट्या नव्हेत. अद्वैत्याला जे ऐक्य हवे ते मध्वाचार्यांच्या अनुयायाला नको आहे, कारण भक्त आणि देव यांतला भेद पुसला गेला तर त्याच्या दृष्टीने सर्वस्वच गेले. अशा माणसाला ‘तुम्ही दोघे एकाच ठिकाणी निघाला आहात’ असे सांगणे दिसायला उदार आहे, पण त्यात त्याचे म्हणणे ऐकून घेतलेले नसते.

एका शिखराचा दावा करणाऱ्याला आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: हे त्याने कुठून पाहिले? नळीत चढणाऱ्याला दोन्ही बाजूंचे कातळ आणि वरची आकाशाची पट्टी एवढेच दिसते. पाचनईची वाट त्याच्या जगात नसते. सगळ्या वाटा एकत्र दिसतात त्या नकाशावर, आणि नकाशा वाचणारा त्या क्षणी कोणतीच वाट चढत नसतो. रामकृष्णांच्या शब्दाला वजन आहे ते यामुळेच. त्यांनी इस्लामची आणि ख्रिस्ती धर्माची साधना काही काळ प्रत्यक्ष करून पाहिली होती. मात्र त्या वाटांवर पाऊल टाकण्याआधी ते दक्षिणेश्वरच्या कालीपाशी स्थिरावलेले होते. शिखरावर पोचलेल्या माणसाने दुसऱ्या बाजूची वाट उतरून पाहणे आणि त्या वाटेने प्रथमच वर येणे, यांत अनुभवाचे फार मोठे अंतर आहे.

दुसरा प्रश्न वाटेच्या मोलाचा. मुक्काम एकच मानला तरी कोणत्या वाटेने आलो याला काही अर्थ उरतो का? श्रीलंकेतला श्रीपाद हा 2,243 मीटर उंचीचा डोंगर या बाबतीत फार बोलका आहे. त्याच्या माथ्यावरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे, मुसलमान आदमचे; ख्रिस्ती परंपरेतही त्याला स्थान आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे चढला. त्याने दोन वाटा नोंदवल्या, बाबाची आणि मामाची, म्हणजे आदमची आणि हव्वेची. मामाची वाट सोपी, यात्रेकरू तिने उतरत. पण तिने जो चढेल त्याची यात्रा झालीच नाही असे मानले जाई. खूण तीच, माथाही तोच, तरी पुण्य वाटेवर ठरत होते. महाराष्ट्रातही हे अनोळखी नाही. शिखर शिंगणापूरला चैत्रात येणारी तेल्या भुत्याची कावड सोप्या रस्त्यांना बगल देऊन मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने, माणसांची साखळी करून वर नेली जाते. त्या भक्तांना कोणी सांगितले की गाडीरस्त्याने गेलात तरी महादेव तोच आहे, तर ते हे नाकारणार नाहीत, आणि कावड मुंगी घाटानेच नेतील.

याच्या उलट बाजूही परंपरेने मांडली आहे. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात फळाकडे जाण्याच्या दोन रीती येतात. पक्षी एका झेपेत फळ गाठतो. माणूस फांदीमागून फांदी धरत, वेळ लावून पण खात्रीने तिथेच पोचतो. ज्ञानमार्ग आणि कर्मयोग यांतला हा फरक आहे आणि ज्ञानेश्वर त्यात लहानमोठेपण लावत नाहीत. ज्याचे जसे अंग, तशी त्याची वाट. उड्डाण हे पक्ष्याला सहज आहे. माणसाने त्याचे अनुकरण केले तर तो फांदीवरूनही पडेल. इथे वाटेची कठीणता पुण्याचे माप नाही, चालणाऱ्याची योग्यता हे माप आहे. मुंगी घाटाची श्रद्धा आणि ही दृष्टी यांचा मेळ सहज बसत नाही. दोन्ही मराठी धर्मजीवनात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

माथ्यावर पोचल्यानंतर तरी भेद मिटतात का, याचे उत्तर कोकणकडा देतो. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून अर्धवर्तुळात आत वळलेला आहे आणि खाली हजारएक मीटरवर कोकण पसरलेले आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत ढग भरलेले असले तर ढगावर पाहणाऱ्याची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटते. यालाच इंद्रवज्र म्हणतात. लेफ्टनंट कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या अशा वर्तुळाचे वर्णन केले आहे. चीनमधल्या एमेई पर्वतावर हेच दृश्य बौद्ध भिक्षू बुद्धाची प्रभा म्हणून वंदत. ढगातल्या बारीक थेंबांवरून प्रकाश उलट दिशेने परततो, त्यामुळे वर्तुळाचा मध्य पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांशी बांधलेला असतो. कड्यावर दोघे शेजारी उभे असले तर प्रत्येकाला ते वलय आपल्याच मस्तकाच्या सावलीभोवती दिसते. दोघांनाही भ्रम झालेला नाही. सूर्य एक आणि ढगही एक. तरी दोघांनी पाहिलेले वर्तुळ एक नाही. हिक यांचे म्हणणे यापेक्षा चांगल्या रीतीने दाखवता येणार नाही, आणि त्याची मर्यादाही. प्रकाश एकच आहे हे मान्य करता येते, पण ते मान्य करून दुसऱ्याला काय दिसले हे कळत नाही. ते त्यालाच विचारावे लागते.

शिखराच्या या चर्चेत डोंगरावर राहणारी माणसे सहसा येत नाहीत. महादेव कोळी आणि ठाकर यांच्यासाठी या वाटा रोजच्या कामाच्या होत्या: गुरे, लाकूडफाटा, बाजार, सोयरीक. टोलार खिंडीत वाघाचे एक शिल्प आहे. वाघाला देव मानून पुजण्याची रीत या मुलुखात जुनी आहे, आणि हा देव माथ्यावर बसलेला नाही, तो वाटेवर आहे. खिंड ओलांडणाऱ्याने सुखरूप जावे, एवढेच त्याच्यापाशी मागायचे. अनेक वाटा आणि एक शिखर या चित्रात अशा देवाला जागा नसते, कारण त्या चित्रात वाट म्हणजे केवळ साधन. वारीचेही काहीसे असेच आहे. आळंदी-देहूहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्याला गर्दीत विठ्ठलाचे दर्शन न घडता कळसालाच हात जोडून परतावे लागले, तरी त्याची वारी अपुरी राहत नाही.

वाट बदलण्याविषयी चांगदेवांची कथा सर्वांत मोलाची आहे. परंपरा सांगते की ते चौदाशे वर्षे जगलेले योगी होते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय लिहावा हे सुचेना. वयाने धाकट्याला आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने थोराला नमस्कार करावा? शेवटी त्यांनी कोरा कागद पाठवला. इतकी वर्षे तप करून चांगदेव कोरेच राहिले, असे मुक्ताबाई म्हणाल्या, आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल 65 ओव्या लिहिल्या. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंनाच गुरू केले. योगाची वाट ते टोकापर्यंत चढले होते. तिथे पोचल्यावर त्यांना कळले की उंची गाठली, पण जायचे होते ते ठिकाण हे नाही. सगळ्या वाटा आपोआप एकत्र मिळत असत्या तर त्यांना पुन्हा खाली उतरण्याचे कारण नव्हते. त्यांचे मोठेपण त्या उतरण्यात आहे. इतक्या चढाईनंतर एका लहान मुलीपुढे शिष्य म्हणून बसणे हे कोणत्याही कड्यापेक्षा अवघड होते.

एक गोष्ट मात्र डोंगराचा हा दाखला पूर्णपणे झाकून टाकतो: वाट सगळ्यांना खुली होती का? ज्याची जशी योग्यता तशी त्याची वाट, हे तत्त्व ज्ञानेश्वरांच्या हाती करुणेचे होते; समाजाच्या हाती ते अडवणुकीचे झाले. योग्यता जन्मावर ठरू लागली. चोखामेळ्यांच्या भक्तीत काही उणे होते असे कोणी म्हटले नाही, तरी विठ्ठलाच्या देवळात त्यांना पाऊल टाकता आले नाही. त्यांची समाधी आहे ती महाद्वाराच्या पायथ्याशी. तुमचीही वाट त्याच शिखराला जाते, हे वाक्य अशा माणसाला ऐकवणे म्हणजे अडवलेल्या दाराची जबाबदारी झटकणे होय. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडले ते 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. गुरुजींनी आणखी एखादी समांतर वाट शोधून दिली नाही. जी वाट होती तीच सगळ्यांसाठी मोकळी व्हावी म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले.