दोष आणि देणे

आश्विनात आमच्या देऊळगाव राजाला बालाजी महाराजांची यात्रा भरते. पोटापाण्यासाठी परगावी गेलेली माणसे त्या निमित्ताने घरी येतात, लेकीबाळी माहेरी येतात, आणि मंडपाच्या उंचच उंच लाकडी लाठा शेकडो हातांनी उभ्या राहताना पाहिल्या की आपण अजून याच गावचे आहोत, अशी ज्याची त्याची खात्री पटते. यात्रेचा पहिला भर ओसरला की एका चहाच्या हॉटेलात आमचा अड्डा जमतो. यंदाही जमला. बोलणे फिरत फिरत बेकारीवर आले आणि मग तासभर तेथून हलले नाही.

बेकारीवर बोलणे सोपे असते. कारण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूल पेटलेली असते. आमच्यातले एक निवृत्त तलाठी आबा म्हणाले, "पोरांना काम नको, खुर्ची पाहिजे." कापडाचे दुकान चालविणारे शेठजी म्हणाले, "खुर्ची सोडा, आबा. २०१६ साली नोटा बंद झाल्या, पुढच्या वर्षी नवा कर आला आणि २०२० साली सगळा देशच बंद झाला. गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नाही, तर मी दुकानात पोऱ्या कसा ठेवू?" शेजारच्या खेड्यातले एक सोयाबीनवाले शेतकरी म्हणाले, "आमच्या मालाला भाव द्या, मग बघा बाजारात पैसा खेळतो का नाही." कोणी यंत्रांना दोष दिला, कोणी लोकसंख्येला, कोणी शिक्षणाला. शिक्षणाचे नाव निघताच सर्वांनी माझ्याकडे पाहिले. कारण मी मास्तर आहे.

कोपऱ्यातल्या बाकावर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. एम. ए., बी. एड. झालेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा. पुण्यात खोली घेऊन पाच वर्षे त्याने स्पर्धापरीक्षा दिल्या. दोनदा थोडक्यात हुकला. वडिलांनी पैसे पाठविणे बंद केले नाही. त्यालाच ते घेणे असह्य झाले म्हणून तो परत आला. आबांनी त्याला विचारले, "काय रे, तू तर एवढा शिकलास. तुला काय वाटतं, दोष कुणाचा?"

"माझाच असेल, आबा," तो म्हणाला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेला.

त्या उत्तराने मला रात्री नीट झोप आली नाही. एवढ्या मोठ्या खटल्यात तासभर आम्ही आरोपी शोधीत होतो. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, आणि ज्याने कोणाकडेच बोट दाखविले नाही त्याने सारा गुन्हा स्वतःच्या माथी घेतला. हे न्यायाचे झाले काय?

मी कादंबऱ्या लिहितो. खलनायकावाचून गोष्ट चालत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. शेवटच्या प्रकरणात तो सापडला की वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. बेकारीच्या गोष्टीतही आपण तेच करू पाहतो. ही खोड आजची नव्हे. १८४८ सालापासून 'शतपत्रे' लिहिणाऱ्या लोकहितवादींनी आपल्याच लोकांच्या आळसावर आणि अज्ञानावर कोरडे ओढले. दादाभाई नौरोजींनी उलट बाजूने हिशेब मांडला, आणि या देशाचे धन इंग्लंडात वाहून जाते म्हणून येथे दारिद्र्य आहे, हे १९०१ सालच्या आपल्या ग्रंथात आकड्यांनिशी दाखविले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पण १९४७ साली दादाभाईंचा आरोपी बोटीत बसून निघून गेला आणि दारिद्र्य मात्र येथेच राहिले. तेव्हापासून आपण नवा आरोपी शोधीत आहो.

मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप कोणामुळे फसला? मालकांमुळे, पुढाऱ्यामुळे, सरकारमुळे, की आधीच जुन्या होऊन गेलेल्या यंत्रांमुळे? हा वाद इतकी वर्षे चालला आहे. दरम्यान गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. वाद अनिर्णित राहिला. कामगारांच्या संसारांचा निकाल मात्र केव्हाच लागून गेला.

आता आबांचा आरोप घेऊ: पोरे आळशी आहेत. २०२४ साली राज्यात पोलीसभरती झाली. जागा होत्या १७,४७१ आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. एका जागेला सुमारे शंभर अर्ज! एकाच मुलाने दोन-तीन अर्ज केले असतील असे धरले, तरी चित्र फारसे बदलत नाही. शाळेच्या संमेलनात आम्ही संगीत खुर्चीचा खेळ ठेवतो. शंभर मुले आणि एक खुर्ची असेल, तर नव्याण्णव मुले उभीच राहणार. कोण बसला आणि कोण उभा राहिला, हे चपळाईवर ठरेल. किती उभे राहिले, ते खुर्च्यांच्या संख्येवरच ठरेल. सगळी मुले पहाटे चारला उठून धावली, तरी खुर्ची एकच राहते. आळस एका मुलाचे अपयश समजावून सांगू शकतो, लाखांचे नाही. ही साधी गोष्ट आपण विसरतो, आणि उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाला वेगवेगळे गाठून विचारतो, "तूच कसा मागे पडलास?"

मग शिक्षणाचा दोष? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली भारतातील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ सालचे तरुणांचे आकडे आहेत: लिहितावाचता न येणाऱ्यांत बेकार ३.४ टक्के, आणि पदवीधरांत २९.१ टक्के. हे ऐकून आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "घ्या! शिकवून वाटोळं केलं." पण अर्थ तसा नाही. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो आज शंभर रुपयांवर तरी कोठेतरी जातो आणि शिरगणतीत 'कामावर' म्हणून लागतो. वाट पाहायलासुद्धा घरात कोणाच्या तरी मिळकतीचा आधार लागतो.

शेतीतली बेकारी तर कोणत्याच वहीत दिसत नाही. पाच एकरांत चार भाऊ राबतात. त्यांतले दोघे उद्या उठून गेले तरी पिकात एक पोतेही उणे पडणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच लहान धारणक्षेत्रांवरच्या आपल्या निबंधात हे रोगाचे मूळ दाखविले होते. जमिनीचे तुकडे लहान आहेत हे खरे दुखणे नसून, जमिनीवर रिकाम्या हातांचा भार फार आहे आणि त्यांना सामावून घेणारे उद्योग नाहीत, हे दुखणे आहे, असे त्यांचे म्हणणे. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि आमच्या तालुक्यात बांधावरून होणारी भांडणे अजून तीच आहेत.

"पण मिळेल ते काम करावे की!" असे आबा म्हणतात. कामे आहेतही. आमच्या तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवतात. पुढचे जालना तर बियाण्यांचे गावच. तेथे बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढली. सकाळी डबे घेऊन परागीकरणाच्या कामावर निघालेल्या बाया मी रोज पाहतो. मग एम. ए. झालेल्या मुलाने तेथे का जाऊ नये? मी हे मनातल्या मनात विचारले, आणि लगेच दुसरा प्रश्न आला: तेथे मी माझ्या मुलाला पाठवीन काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते. मग दुसऱ्याच्या मुलाला उपदेश करण्याचा मला अधिकार कोणता?

याच तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. चोखोबांना कामाची कधी वाण पडली नाही. गावाने त्यांना मेलेली ढोरे ओढायला लावली. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. काम होते, मान नव्हता, आणि नाही म्हणण्याची मुभाही नव्हती. आज खडकपूर्णेच्या जलाशयाला आपण त्यांचे नाव दिले आहे. त्या पाण्याकडे पाहताना मला वाटते की, 'मिळेल ते काम कर' हे वाक्य ज्याला मान मिळतो त्याने फार जपून बोलावे. हाताच्या कामाला आपण मजुरी कमी देतो, मान त्याहून कमी देतो, आणि मग मुले ते काम टाळतात म्हणून रागावतो.

माझ्यापुरते सांगायचे तर हा राग मला शोभतच नाही. मी मॅट्रिक, म्हणजे दहावी. त्यावर चित्रकलेची पदविका घेतली आणि विशीत शाळेला लागलो. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा एम. ए., बी. एड.; पगार मात्र मला मिळतो. माझी गुणवत्ता त्याच्याहून मोठी म्हणून का? छे! मी त्याच्या आधी जन्मलो. मी आलो तेव्हा दार किलकिले होते. २०१२ साली राज्यात शिक्षकभरती थांबली आणि तो पोचला तेव्हा ते बंद झाले होते. मी माझ्या यशाला कर्तृत्व म्हणत राहिलो, आणि त्याने आपल्या दुर्दैवाला अपराध म्हटले. दोन्ही हिशेब चुकले आहेत.

येथे कोणी म्हणेल, "मग दोष कोणाचाच नाही काय?" तसे मी म्हणत नाही. कालव्याचे पैसे कोणी खाल्ले असतील, नोकरी लावतो म्हणून कोणी एखाद्या बापाचे शेत विकायला लावले असेल, तर तो गुन्हा आहे आणि गुन्हेगार शोधलाच पाहिजे. सरकारची जबाबदारीही सर्वांत मोठी. कारण धरणे, रस्ते आणि शाळा एकटा दुकानदार बांधू शकत नाही. माझे म्हणणे इतकेच की, दोष शोधून संपला म्हणजे देणे फिटले असे होत नाही. दोष दुसऱ्याचा ठरला की आपण मोकळे होतो. देण्याचे तसे नसते. ते ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे येते.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखविले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक लहानसा प्रयोग केला: मागेल त्याला काम. पुढे १९७२चा दुष्काळ आला. १९७३च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाऊस कोणाच्या पापाने पडला नाही, याचा निवाडा करीत बसायला तेव्हा सवड नव्हती. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. त्या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसायकर बसविला गेला. पगारदारांनी थोडे थोडे द्यायचे आणि खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम मिळायचे, असा तो हिशेब होता.

या योजनेत सगळेच गोड होते असे नव्हे. खडी फोडण्याची मजुरी तुटपुंजी होती, हजेरीपटावर खोटी नावे चढली, काही रस्ते पहिल्याच पावसात वाहून गेले. तरीही काम मागणे ही भीक नसून हक्क आहे, हे कायद्याच्या भाषेत प्रथम येथे लिहिले गेले. २००५ साली देशाने याच वाटेने जाणारा कायदा केला.

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसायकर कापला जातो. पुष्कळ वर्षे मी त्याबद्दल कुरकुर केली. तो कशासाठी सुरू झाला ते कळले, त्या दिवसापासून कुरकुर थांबली. वर्षाचे अडीच हजार रुपये देऊन माझे देणे फिटत नाही, हे मला समजते. पण देणे आहे, एवढे तरी ती ओळ दरमहा आठवून देते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. नोकरी माझ्या खिशात नव्हती. उपदेश होता, तो मी घरीच ठेवून गेलो होतो. मी त्याला एवढेच म्हणालो, "काल हॉटेलात तू जे बोललास ते खोटं आहे. मी तिथंच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तो माझा दोष." तो काही बोलला नाही. त्याच्या आईने चहा केला. या खेपेस त्याने कप रिकामा केला. तो अजून बेकार आहे. शेवटच्या दोन परीक्षांचे वय उरले आहे आणि तो अभ्यास करतो आहे. वर्गात मीही एक वाक्य बोलणे सोडले आहे: "शिकला नाहीस तर गुरे वळशील." गुरे वळणाऱ्याचा मुलगा पुढच्याच बाकावर बसलेला असतो.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे ताट फिरत असेल, पाहुणे जमले असतील. त्यांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. करंजीचा तुकडा मोडता मोडता आपण सहज विचारतो, "मग, सध्या काय करतोस?" प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्या एका प्रश्नाच्या भीतीने किती मुले दिवाळीला घरी येत नाहीत, ते मला माझ्या विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. यंदा तो प्रश्न नाही विचारला तर काय बिघडेल? त्याला जवळ बसवावे, ताटात आणखी एक लाडू वाढावा, आणि आपल्या ओळखीपाळखीत, दुकानात, कचेरीत त्याच्यासाठी काही करता येईल का, ते त्याच्या माघारी आपल्या मनाला विचारावे.