पावती बघून

‘स्कॅम १९९२’ ही मालिका आली ऑक्टोबर २०२० मध्ये. कोरोनामुळे माणसं घरात अडकलेली होती, आणि दहा भागांत सांगितलेली शेअरदलाल हर्षद मेहताची गोष्ट घरोघरी पाहिली गेली. तिचं सुरुवातीचं संगीत तर कित्येकांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसलं. अजूनही सकाळच्या लोकलमध्ये कुणाचा तरी फोन त्या सुरात वाजतो. ऐकलं की पाठ जरा ताठ होते. काहीतरी मोठं करायला निघालेल्या माणसाचं ते संगीत आहे.

मला मात्र त्या मालिकेतला एक कागद आठवत राहतो. बँक रिसीट. बाजारातली माणसं त्याला नुसतं ‘बीआर’ म्हणत.

त्या काळी बँकांना आपल्या ठेवींतला मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागे. शंभर रुपयांच्या ठेवीमागे साडेअडतीस रुपयांपर्यंत. कुणाकडे रोखे कमी पडत, कुणाला रोकड हवी असे. मग एक बँक दुसरीला काही दिवसांपुरते रोखे विकायची आणि ठरल्या दिवशी परत घ्यायची. ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत त्याला. पण रोखे प्रत्यक्ष नावावर चढायला वेळ लागे. रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयात या नोंदी हाताने होत. तोवर काय करायचं? विकणारी बँक एक कागद लिहून द्यायची: पैसे मिळाले, रोखे आमच्याकडे आहेत, ते तुम्हाला देऊ.

या कागदात मुळात वाईट काही नव्हतं. देणं आणि घेणं यांच्यामध्ये थोडा काळ जातोच. तेवढा काळ कुणीतरी शब्दावर काढायचा असतो. असा शब्द कुणी कुणाला दिलाच नाही, तर व्यवहार जागचा हलणार नाही. बाजाराचाही नाही आणि घराचाही.

वाईट झालं ते पुढे. दोन बँकांच्या मध्ये दलाल उभा राहिला आणि धनादेश त्याच्या खात्यात जमा होऊ लागले. बँकेचा पैसा शेअर बाजारात गेला. काही छोट्या बँकांनी तर मागे एकही रोखा नसताना नुसते कागद लिहून दिले. त्यांत एक नाव बँक ऑफ कराडचं होतं. मुंबईच्या या मोठ्या खेळाच्या गोष्टीत मध्येच कृष्णाकाठच्या गावाचं नाव येतं, तेव्हा वाचता वाचता थांबायला होतं. ती बँक १९९२ मध्येच बंद पडली, आणि दोन वर्षांनी बँक ऑफ इंडियाने ती आपल्यात घेतली. बँक बंद पडली तेव्हा एका ठेवीदाराला विम्याचं संरक्षण होतं तीस हजार रुपयांपर्यंत. मालिका पाहताना हे तीस हजार कुणाच्या मनात येत नाहीत.

मनात येतो तो वेग. १५ जानेवारी १९९२ ला सेन्सेक्स दोन हजारांवर, ३० मार्चला चार हजारांवर. एसीसीचा शेअर दोनशेच्या आसपासचा नऊ हजारांपर्यंत गेलेला. पडद्यावर प्रतीक गांधी इतकं देखणं काम करतो की आपण नकळत हर्षदच्या बाजूला जाऊन बसतो. चाळीतला मुलगा समुद्राकाठच्या घरात पोहोचतो आणि आपल्यालाच काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. दिग्दर्शक हंसल मेहतांनी गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली आहे, असं मला वाटतं. हर्षद एकटाच नव्हता, अनेक दलाल आणि अनेक बँका त्यात होत्या, हेही त्यांनी लपवलेलं नाही. तरीही गोष्ट वेगवान असली की आपण धावणाऱ्याच्या बाजूने होतो. हिशेब जुळवत बसलेल्या माणसाच्या बाजूने कुणी होत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई भाजी घेऊन बसतात. संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला येतो. रोजची ठरलेली रक्कम त्या पदराच्या गाठीतून काढतात, मोजून त्याच्या हातात ठेवतात. तो मशीनवर बोटं चालवतो, चिठ्ठी निघते. बाई ती चिठ्ठी दिव्याखाली धरतात. आजची रक्कम बघतात, खालचा एकूण आकडा बघतात. कालच्या आकड्यात आजचे मिळवून मनाशी ताळा करतात. मग मान हलवतात. तोवर तो थांबलेला असतो.

हा पिग्मीवाला वर्षानुवर्षं येतो आहे. त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी बाई करतात. एकदा उरलेली मेथी त्याच्या पिशवीत कोंबताना मी पाहिलं आहे. “मावशी, पैसे?” “राहू दे रे, सुकून जायची उद्या.” एवढी माया आहे. पण चिठ्ठी बघितल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. आणि त्यालाही त्याचं काही वाटत नाही.

पिग्मीची पद्धत जुनी आहे. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने ती सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. बँकेची पायरी चढायला वेळ नसलेल्या माणसाच्या दारात बँक स्वतः जाऊ लागली. तिथेही सगळं विश्वासावरच चालत आलं आहे. पैसे हातातून जातात, आणि बदल्यात कागदाचा एक तुकडा मिळतो. ती चिठ्ठी म्हणजे एका परीने बीआरच की. फरक एवढाच की बाई ती वाचतात.

मोठ्या बँकांतल्या शिकलेल्या माणसांनी तेच का केलं नसेल? लोभ होता, लाच होती, वरून दबाव असेल. पुढे रिझर्व्ह बँकेने चौकशीसाठी जानकीरामन समिती नेमली आणि घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या घरात गेला. एवढा पैसा नुसत्या आळसाने जात नाही. पण या सगळ्याबरोबर आणखी एक गोष्ट असावी असं मला वाटतं. संकोच. मोठ्या टेबलावर समोरच्याला “जरा दाखवा” म्हणणं जड जातं. त्याला ते टोचेल, संबंध बिघडेल. “विश्वास नाही का आमच्यावर?” असं कुणी म्हणालं, तर उत्तर काय द्यायचं? त्यापेक्षा सही करून मोकळं व्हावं. लबाड माणसाचं निम्मं काम समोरच्याचा भिडस्तपणा करून देतो.

भिडेने गप्प बसणं वेगळं, विश्वासाने गप्प बसणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

मालिकेच्या सुरुवातीलाच एक बँक-अधिकारी वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो. कावराबावरा, कुणी पाहील का या धास्तीतला. पाचशे कोटींचा हिशेब लागत नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. प्रत्यक्षातही घोटाळा बाहेर आला तो दोन वह्या शेजारी ठेवल्यामुळे. स्टेट बँकेची नोंद आणि रिझर्व्ह बँकेची नोंद जुळेना. पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी २३ एप्रिल १९९२ ला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली. त्या वेळी सेन्सेक्स साडेचार हजारांच्या उंबरठ्यावर होता. पुढे देबाशिष बसूंबरोबर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकावरच ही मालिका उभी आहे. विचारणाऱ्यालाही हिंमत लागते. तेजीच्या दिवसांत तर जास्तच, कारण सगळे खुशीत असतात आणि विचारणारा एकटाच रंगाचा बेरंग करणारा ठरतो.

नंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. त्यांतली एक मला फार समंजस वाटते. १९९५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारी रोख्यांसाठी नवी पद्धत आणली. पैसे आणि रोखे एकाच वेळी हात बदलतील; या हातानं द्यायचं, त्या हातानं घ्यायचं. मधला काळच काढून टाकला. मग “दाखवा” म्हणायची गरज उरली नाही आणि कुणाला वाईट वाटायचं कारणही उरलं नाही. एका कोरड्या नियमाने कितीतरी माणसांची अवघड घडी सोपी केली.

भावाभावांत, मित्रांत, नवराबायकोत असा नियम कुणी आणून देत नाही. तिथे “देऊ”, “करू”, “बघू” या शब्दांवर वर्षं निघतात. त्यांतल्या कुठल्या शब्दाबद्दल विचारायचं, आधी कुणी विचारायचं आणि कुठल्या सुरात, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.