ग्रहण, दुर्बीण आणि एका आईवरील आळ




रविवार, ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री संपूर्ण भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. मेहकर येथील आमच्या घराच्या मागील अंगणात पुतण्याने आपली लहानशी दुर्बीण मांडली होती. इशाच्या नमाजनंतर शेजारची मंडळीही जमली. चंद्रावरील टायको विवर आणि त्यातून फाकलेले पांढरे पट्टे पाहून मुले म्हणाली, "हे तर आपले लोणार!" मुलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवरही उल्कापातानेच झालेले आहे. ज्याने ही भूमी निर्माण केली, त्यानेच तो चंद्रही निर्माण केला. दोघेही त्याच्या आज्ञेत आहेत.

दहाच्या सुमारास पृथ्वीची गोलाकार छाया चंद्रावर चढू लागली. अकरानंतर तो पूर्ण झाकला जाऊन तांबूस झाला आणि ८२ मिनिटे तसाच राहिला.

सर्वांनी दुर्बिणीतून पाहिले. एक भगिनी मात्र दारातच थांबली होती. तिच्या कडेवर पाचव्या वर्षात असलेला मुलगा होता. तो दुभंगलेल्या ओठासह जन्मला होता. शस्त्रक्रिया होऊन आता बारीकशी खूण तेवढी उरली आहे. परंतु आईच्या मनावरील व्रण भरलेला नाही. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात ती पाच महिन्यांची गरोदर होती आणि तिने विळीवर भाजी चिरली होती. "म्हणूनच लेकराचा ओठ चिरला," हे बोल ती आजवर ऐकत आली आहे. बोलणारे आपलेच, कलमा पढणारे लोक होते. मीही ते ऐकले होते आणि गप्प राहिलो होतो. अल्लाह मला क्षमा करो.

बंधूंनो, गर्भातील बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडतो. पाचव्या महिन्यातील विळी त्याला काय करणार? परंतु आपल्यासाठी याहून मोठा पुरावा चौदाशे वर्षांपासून उपलब्ध आहे.

हिजरी १० मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम हे तान्हे वयात वारले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. इब्राहीम यांच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला, असे लोक म्हणू लागले. हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांची ही रिवायत सहीह बुखारीत आहे. विचार करा, दुःखी पित्याच्या सन्मानासाठीच लोक हे बोलत होते. प्रेषित (स.) मौन राहिले असते, तरी ती समजूत रूढ झाली असती. परंतु त्यांनी स्पष्ट केले की सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण दिसले की नमाज व दुआ करावी, अशी शिकवण त्यांनी दिली.

ज्या प्रेषितांनी (स.) ग्रहणाशी जोडलेला पुत्राचा गौरवही नाकारला, त्यांच्या उम्मतीने ग्रहणाचा दोष एका आईच्या माथी मारावा काय?

ग्रहणकाळी मनात भय असावे, पण ते अल्लाहचे, चंद्राचे नव्हे. चंद्रग्रहणाची नमाज हनफी मतानुसार प्रत्येकाने स्वतंत्रपणे अदा करावी. कोकणातील आपले शाफिई बंधू ती जमाअतीने अदा करतात. सोबत इस्तिगफार व सदका करावा. गरोदर भगिनींना अंधाऱ्या खोलीत बसवणे, अन्नपाणी बंद करणे, सुरी-कात्री लपवणे यांस शरीअतमध्ये कोणताही आधार नाही. ग्रहण पाहणेही वर्ज्य नाही. इ.स. ९९७ मध्ये ख्वारिज्ममधून अल्-बिरुनी यांनी आणि बगदादमधून अबुल वफा यांनी एकच चंद्रग्रहण पाहून दोन्ही स्थळांमधील रेखांशाचे अंतर काढले होते.

आणखी एक गोष्ट. निर्दोष व्यक्तीवर आळ घेणे म्हणजे बुहतान. हा बंद्याचा हक्क आहे. ज्याचे मन दुखावले, त्याची क्षमा मागितल्याशिवाय केवळ तौबा पुरेशी नाही. आपल्या मोहल्ल्यात अशी एखादी आई असेल, तर तिच्या दारी जावे. त्या रात्री, सर्वांसमक्ष, मी त्या भगिनीची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने मुलाला दुर्बिणीपाशी उचलून धरले, आणि मग स्वतःही पाहिले.

हे अल्लाह, आमचा अकीदा शुद्ध कर आणि आमच्या जिभांपासून तुझ्या बंद्यांना सुरक्षित ठेव. आमीन.