काटा खोटं बोलतो का?

बाबांची साठच्या दशकातली गाडी मागच्या पावसाळ्यात घाटात बंद पडली. पेट्रोल संपलं होतं; काटा मात्र अर्धी टाकी दाखवत होता. मी काट्याला शिव्या घातल्या.

मेकॅनिकने टाकीवरची वायर काढून बॉडीला टेकवली. काटा सरळ रिकाम्यावर आला. म्हणजे काटा आणि वायर दोन्ही ठीक. टाकीतला फ्लोटही नीट तरंगत होता. दोष निघाला अर्थिंगमध्ये: टाकी जिथे बॉडीला जोडलेली, तिथे गंज. गंजाने विजेचा अडथळा वाढलेला, आणि या गाडीत अडथळा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, असा हिशोब. काही गाड्यांत नेमकं उलट असतं. पॉलिश पेपरने घासल्यावर काटा खरं बोलू लागला.

तेव्हापासून एक प्रश्न छळतोय. खोटं कोण बोललं? काट्याने तर त्याच्यापर्यंत पोचलं तेच सांगितलं.

मी बाबांना रोज फोनवर विचारतो, "बरे आहात ना?" ते म्हणतात, "हो, बरा आहे." आई गेल्यापासून हेच. मी ते खरं मानतो, कारण ते माझ्या सोयीचं आहे. प्रश्नातच उत्तर भरून दिल्यावर दुसरं काय येणार? खरं बोलण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची असते, मान्य. पण ते पोचू देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याचीही असते.

काट्यावर भरवसा नसला की जुने ड्रायव्हर टाकीत लाकडी पट्टी बुडवून बघायचे. येत्या शनिवारी मी गावी जातोय. फोन न करता, दोन दिवस राहायला.