मौनाचें मोल

व्यापारी पेढ्यांस लागणारें सॉफ्टवेअर गेलीं वीस-पंचवीस वर्षें बहुधा माणशी भाड्यानें मिळत आलें आहे: जितके कारकून, तितकें मासिक भाडें. १९९९ सालीं निघालेल्या सेल्सफोर्सचा ही रीत रूढ करण्यांत मोठा वाटा. परंतु कृत्रिम बुद्धीच गिऱ्हाइकांस उत्तरें देऊं लागल्यावर मोजावयाचीं डोकींच कमी होणार! म्हणून आतां कामावरून मोल ठरूं लागलें आहे. २०२३ सालीं इंटरकॉम कंपनीनें ‘फिन’ नांवाच्या आपल्या यांत्रिक उत्तरदात्यासाठीं सुटलेल्या दर तक्रारीमागें ९९ सेंट आकारले. न सुटल्यास कांहीं नाहीं.

सौदा न्याय्य दिसतो. पण तक्रार सुटली हें ठरवावें कशावरून? गिऱ्हाइकानें तसें सांगितलें तर प्रश्नच नाहीं. मात्र उत्तर वाचून तें पुढें कांहीं न विचारतां निघून गेलें, तरीही ती सुटली असें धरण्यांत येतें. मौन ही संमति, असें आमच्याकडे मुलींचीं लग्नें ठरवितांना मानीत. त्या मौनांत किती अगतिकता दडलेली असे, हें वाचकांस सांगावयास नको. निघून गेलेलें गिऱ्हाईक समाधानी होतें, कीं थकलेलें? कचेऱ्यांच्या खिडक्यांवरून आम्ही स्वतः मुकाट्यानें परतलों, तें पुष्कळदां कंटाळूनच.